टेनिस आणि शाळा, दोन्ही: इंदूरच्या पालकांचे वारंवार येणारे प्रश्न

माझ्या मुलीने सातव्या वर्षी रॅकेट हातात घेतली आणि अठराव्या वर्षापर्यंत ती एआयटीएच्या, म्हणजे ऑल इंडिया टेनिस असोसिएशनच्या, ज्युनियर स्पर्धा खेळली. आता ती पुण्यात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मधली अकरा वर्षं मी तिची आई म्हणून काढली, आणि शाळेत गणित शिकवते म्हणून टेबलाच्या दुसऱ्या बाजूनेही पाहिली. रामबागेतून, लोकमान्यनगरातून, सुदामानगरातून अजूनही फोन येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

मुलगा दहा वर्षांचा आहे. कोच म्हणतात, शाळा नंतरही करता येईल, टेनिसचं वय परत येणार नाही. आम्ही काय करावं?

शाळा सुरू ठेवा. दहाव्या वर्षी शाळा सोडावी असं टेनिसमध्ये काहीही नसतं. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांना लाल, नारिंगी आणि हिरव्या ठिपक्याचे मऊ, हळू उसळणारे चेंडू सक्तीचे केले आहेत. या वयाच्या मुलाला मोठ्यांचा चेंडूसुद्धा झेपत नाही हे जगाने मान्य केलं आहे, मग मोठ्यांचं वेळापत्रक त्याच्यावर कशाला लादायचं?

जेनिफर कॅप्रियातीची गोष्ट मी प्रत्येक पालकाला सांगते. १९९० मध्ये चौदावं लागायच्या आत ती व्यावसायिक स्पर्धांत उतरली, त्याच वर्षी फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत पोहोचली, आणि काही वर्षांतच थकून टेनिसपासून लांब गेली. त्यानंतर महिला टेनिस संघटनेने वयाचे नियम कडक केले. चौदाच्या आधी व्यावसायिक स्पर्धा नाहीच, आणि अठरापर्यंत वर्षातल्या स्पर्धांवर मर्यादा. कॅप्रियाती पुढे परतली आणि २००१ मध्ये ऑस्ट्रेलियन व फ्रेंच अशा दोन्ही स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी ती पंचवीस वर्षांची झाली. घाई करून जे मिळालं नव्हतं ते तिला उशिरा मिळालं.

रोज किती तास खेळायला हवं?

आठवड्याचा हिशेब करा, रोजचा नको. बालक्रीडा वैद्यकातला एक साधा अंदाज आहे: मुलाचं वय जितकी वर्षं, त्याहून जास्त तास आठवड्याला शिस्तीचं प्रशिक्षण झालं की दुखापतीचा धोका वाढतो. तेरा वर्षांच्या मुलीला तेरा तास, आणि त्यात फिटनेसही धरायचा.

आता माझी आवडती गोष्ट. मुलगी आठवीत असताना एका रविवारी रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलेखाचा कागद पसरून आम्ही दोघींनी १६८ चौकोन आखले. आठवड्याचे तास तेवढेच. झोप रोज नऊ तास, म्हणजे ६३. शाळा साडेसहा तास, सहा दिवस, ३९. बायपासच्या शाळेत जायच्या-यायच्या बसचे ९. कोर्टवर दोन तास, पाच दिवस, १०. फिटनेस ३. कोर्टपर्यंत ये-जा ५. घरचा अभ्यास १४. आंघोळ, जेवण, आवराआवर रोज अडीच तास, साडेसतरा. बेरीज एकशे साडेसाठ. उरले साडेसात तास. त्यात मैत्रिणी, टीव्ही, आजीशी गप्पा आणि नुसतं पडून राहणं.

त्याच महिन्यात ॲकॅडमीने सांगितलं होतं की चार दिवस सकाळचं सेशन हवंच. दीड तास खेळ आणि तासभर ये-जा, म्हणजे आठवड्याला दहा तास. साडेसात उरले होते, तेही गेले, आणि वर अडीच तास उणे. ते कुठून येणार? अभ्यासातून काढले तर शाळा ओरडते, खेळातून काढले तर कोच ओरडतात. झोपेतून काढले तर कोणी ओरडत नाही. म्हणून ते प्रत्येक घरात झोपेतूनच जातात. टेनिस आणि शिक्षणाचं भांडण लागतं तेव्हा आधी झोप मरते, आणि तिच्यामागे दोन्हींचा नंबर लागतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते असं डॉक्टर सांगतात. ती आधी लिहा, बाकीचं तिच्याभोवती बसवा.

सकाळच्या सेशनला आम्ही नाही म्हटलं. फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत हो म्हटलं, कारण मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीपार जातो आणि तेव्हा सहा ते आठ हीच खेळायची वेळ.

शाळेला कसं सांगायचं? वर्गशिक्षिका म्हणतात, हजेरी भरत नाही.

जूनमध्येच भेटा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी अर्ज घेऊन धावत जाऊ नका.

एआयटीएच्या स्पर्धेचा आठवडा साधारण असा असतो: शनिवार-रविवार पात्रता फेरी, सोमवारपासून मुख्य ड्रॉ, म्हणजे मुख्य स्पर्धेचे सामने, अंतिम सामना शुक्रवार किंवा शनिवारी. बाहेरगावची एक स्पर्धा म्हणजे शाळेचा अख्खा आठवडा. वर्षाला आठ स्पर्धा धरल्या तर आठ आठवडे गेले असं दिसतं, पण मूल पहिल्या फेरीत हरलं तर मंगळवारी घरी असतं. शाळेला हे माहीत नसतं. मी वर्षाचं कॅलेंडर छापून नेत असे, त्यात चाचण्यांच्या तारखा लाल शाईने आणि स्पर्धा निळ्या शाईने. दोन्ही एकाच दिवशी आल्या की तिथे गोल. मुख्याध्यापिकांच्या समोर तो कागद ठेवला की बोलणं 'परवानगी द्या' वरून 'या तीन गोलांचं काय करूया' वर येतं.

सीबीएसईचा नियम ७५ टक्के हजेरीचा आहे. राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत भाग घेतलेल्यांना कागदपत्रं दिली की त्यात सवलत मिळू शकते. म्हणून प्रत्येक स्पर्धेचा ड्रॉ (कोण कोणाशी खेळणार तो तक्ता), फॅक्टशीट (स्पर्धेचं माहितीपत्रक) आणि सहभागाचा पुरावा त्याच आठवड्यात फाईलला लावा. सहा महिन्यांनी शोधायला बसलात तर सापडत नाही.

आमच्याही वाट्याला एक वाईट वर्ष आलं. शाळेचं नाव लिहीत नाही. नववीत एका शिक्षिकेने सगळ्या वर्गासमोर मुलीला विचारलं, 'सानिया मिर्झा होणार आहेस का?' ती घरी येऊन रडली नाही, गप्प झाली. मला ते जास्त लागलं. शिक्षकांना सांगणं आहे, मी तुमच्यातलीच आहे: मूल आठवडाभर बाहेर होतं म्हणजे मजा करत नव्हतं. परत आलं की वही पुढे करा, एवढंच पुरतं.

बोर्डाची परीक्षा आणि मोठी स्पर्धा एकाच तारखेला आली तर?

सीबीएसईमध्ये २०१८ पासून यावर उपाय आहे. मान्यताप्राप्त महासंघाची राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धा परीक्षेच्या दिवशी आली तर दहावी-बारावीच्या खेळाडूला तो पेपर नंतर देता येतो. विनंती शाळेमार्फत जाते आणि त्याला भारतीय क्रीडा प्राधिकरणाची शिफारस लागते. त्यामुळे स्पर्धा ठरताच शाळेच्या मागे लागा. २०२६ पासून दहावीची परीक्षा वर्षातून दोनदा होते आहे. पहिली सक्तीची, दुसरी सुधारणेसाठी. स्पर्धेमुळे पहिल्या फेरीत अडलेल्या खेळाडूंना दुसऱ्या फेरीचा आधार आहे.

खरं सांगायचं तर अशी वेळ फार थोड्या मुलांवर येते. बाकीच्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये स्पर्धा ठेवूच नयेत. रँकिंग दोन महिन्यांत कोसळत नाही.

ओळखीत बरेच जण डमी ॲडमिशन घेतात. नाव शाळेत आणि मूल दिवसभर कोर्टवर. सोपं नाही का?

सोपं आहे आणि चुकीचं आहे. इंदुरात कोचिंग क्लासेसमुळे ही पद्धत सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे, म्हणून कुणाला त्यात वावगं वाटत नाही. सीबीएसई अशा शाळांवर अचानक तपासणी करते, मान्यता काढून घेते, आणि वर्गात न येणाऱ्या विद्यार्थ्याला नियमित म्हणून परीक्षेला बसू देणार नाही असं तिने स्पष्ट सांगितलं आहे. बारावीच्या वर्षी शाळेचीच मान्यता गेली तर मुलाने काय करायचं?

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. टेनिसमध्ये ज्युनियर स्तरावर बहुतेक सामन्यांना पंच नसतो. आपल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर हे मूल स्वतः सांगतं. त्याच मुलाची खोटी हजेरी आपण घरून लावत असू, तर कोर्टवर खरं बोल असं त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं?

मग खुला मार्ग कोणता?

एनआयओएस, राष्ट्रीय मुक्त विद्यालय. १९८९ पासून चालणारी केंद्र सरकारची संस्था आहे आणि तिची दहावी-बारावी इतर बोर्डांच्या बरोबरीची धरली जाते. दहावीसाठी किमान वय १४, बारावीसाठी १५. पाच विषय घ्यायचे, त्यात एक तरी भाषा. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोंदणी पाच वर्षं टिकते आणि त्यात नऊ संधी मिळतात, म्हणून दोन विषय आत्ता, तीन पुढच्या वेळी असंही करता येतं. अभ्यासकेंद्र नेमून दिलं जातं आणि गृहपाठ तपासून गुण धरले जातात.

माझं मत विचाराल तर दहावीपर्यंत नेहमीची शाळा, आणि मूल खरोखर देशातल्या पहिल्या फळीत असेल तर अकरावी-बारावी मुक्त विद्यालयातून. कारण मुक्त विद्यालयात वर्ग नसतो, डबा वाटून खायला कोणी नसतं. चौदा वर्षांचं मूल दिवसभर कोच आणि आई-बाबा यांच्यातच राहिलं तर प्रत्येक पराभव त्याला आभाळाएवढा वाटतो. शाळेत कुणालाच ठाऊक नसतं की आपण काल हरलो, आणि ही फार मोठी विश्रांती आहे.

वर्षाला किती स्पर्धा? सुरुवात कुठून?

एआयटीएची शिडी टॅलेंट सीरिजपासून सुरू होते, मग चॅम्पियनशिप सीरिज, सुपर सीरिज, नॅशनल सीरिज आणि वर राष्ट्रीय स्पर्धा. वयोगट १२, १४, १६ आणि १८ वर्षांखालचे. इंदूर टेनिस क्लबमध्ये आणि भोपाळमध्ये स्पर्धा होतात त्या आधी खेळा. घरून डबा नेऊन खेळता येते अशी स्पर्धा सोडून लांब जाण्यात काही अर्थ नाही.

आंतरराष्ट्रीय ज्युनियर स्पर्धा तेराव्या वर्षापासून खेळता येतात. जे३० पासून जे५०० पर्यंत त्यांच्या पायऱ्या आहेत आणि लहान वयाच्या मुलांनी वर्षात किती खेळाव्यात यावरही बंधन आहे. तिथे क्रमवारीसाठी एकेरीचे सर्वोत्तम सहा निकाल धरले जातात. सहाच! हे कळल्यावर आमच्या घरातली अर्धी धावपळ थांबली. पंचवीस स्पर्धांत दमून खेळण्यापेक्षा बारा स्पर्धा तयारीने खेळलेल्या बऱ्या.

प्रवासात अभ्यास होतो का?

होतो, थोडा. गणिताची दहा उदाहरणं होतात, इतिहासाचा धडा वाचून होतो, नवीन संकल्पना डोक्यात शिरत नाही. अवंतिकाने मुंबईला जाताना रात्र झोपेत जाते, म्हणून अभ्यास परतीच्या वाटेवर ठेवा. हरलेल्या मुलाला पहिले दोन तास काहीही सांगू नका. मग स्वतःहून पुस्तक काढतं. आमची वरच्या बर्थवर चढून भूगोलाचे नकाशे रंगवायची. तिच्या त्या वहीत पेन्सिलींपेक्षा कोर्टवरची लाल मातीच जास्त सापडायची.

मैत्रिणीने रोज फळ्याचा फोटो पाठवायचा, एवढी एक व्यवस्था केली तरी निम्मं काम होतं.

इंदूर सोडून पुण्याला किंवा बंगळुरूला जावं का?

तीन गोष्टी तपासा. इथे मुलाच्या तोडीचे किंवा सरस असे चार तरी जोडीदार आहेत का? कोच स्वतः स्पर्धांना सोबत येतात का? आणि मूल स्वतः जायचं म्हणतं का? पहिल्या दोनचं उत्तर नाही आणि तिसऱ्याचं हो असेल तर विचार करा, तोही दहावीनंतर. आई मुलीबरोबर पुण्यात आणि बाबा धाकट्याबरोबर इंदुरात, असं दोन चुलींचं घर मी जवळून पाहिलं आहे. दोन वर्षांनी ते सगळे परत आले. मुलीचा खेळ सुधारला होता, पण धाकट्याचं काय झालं हे विचारायला कोणाला वेळ झाला नव्हता.

खर्च झेपत नाही. काय करू?

प्रवास आणि राहणं यातच मोठा पैसा जातो. दोन-तीन कुटुंबांनी एक पालक आळीपाळीने पाठवावा. रॅकेटची पॉलिएस्टर तार महाग पडते आणि लहान मुलांच्या खांद्याला कडकही, तेव्हा चौदापर्यंत साधी मऊ तार चालते. मध्यप्रदेश सरकारचा १९ वर्षांखालच्या खेळाडूंसाठी एकलव्य पुरस्कार आहे, पण तो कामगिरीनंतर मिळतो. त्यावर घरचा हिशेब बांधू नका. कर्ज काढू नका. हे मी हात जोडून सांगते. घरावर कर्ज आहे हे मुलाला कळतं, आणि मग दुसरी सर्व्हिस टाकताना त्याचा हात आखडतो.

गुडघा दुखतो, कंबर दुखते म्हणतो. कोच म्हणतात, वाढीचं वय आहे, सहन कर.

वाढीच्या वयात गुडघ्याखालचं हाड दुखतं ते बहुतेक वेळा विश्रांतीने शमतं. कंबर मात्र कधीही अंगावर काढू नका. सर्व्हिस करताना पाठ मागे वाकते आणि वळते, हजारो वेळा, आणि कोवळ्या मणक्याला बारीक तडा जाऊ शकतो.

माझ्या मुलीला तोच गेला. चौदाव्या वर्षी. तीन आठवडे ती 'थोडं दुखतंय' म्हणत होती आणि तिला सहन करायला सांगितलं जात होतं. मी पण सांगितलं. शेवटी एमआरआय झाला आणि डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून ती रेघ दाखवली, नखाएवढी. चार महिने रॅकेट कपाटावर. त्या चार महिन्यांत शाळा होती म्हणून तिचा दिवस भरलेला राहिला. विज्ञान प्रदर्शनात भाग घेतला, गॅदरिंगमध्ये नाटकात काम केलं, इंदूरच्या 'सानंद' संस्थेचे नाट्यप्रयोग आमच्याबरोबर पाहिले. शाळा सोडलेली असती तर ती चार महिने घरात बसून छताकडे बघत राहिली असती. दुखणं तीन-चार दिवसांहून जास्त टिकलं तर डॉक्टर, हा आमच्या घरचा नियम त्यानंतर झाला. आधी व्हायला हवा होता.

अमेरिकेत कॉलेज टेनिस खेळून शिकता येतं म्हणतात. आपल्या मुलांना जमतं का?

जमतं, आणि मला हा सर्वांत चांगला रस्ता वाटतो. महेश भूपती मिसिसिपी विद्यापीठात शिकला आणि १९९५ मध्ये तिथे दुहेरीचं कॉलेज विजेतेपद मिळवलं. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाचा. २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं तो अमेरिकेचा कॉलेज विजेता होता. २००७ च्या अंतिम सामन्यात त्याने जॉन इस्नरला हरवलं. तो इस्नर पुढे जगातल्या पहिल्या दहांत गेला. आपली ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एममध्ये शिकली आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटचा.

तयारी नववीपासून, कारण तिथे नववी ते बारावीचे ठरावीक १६ मुख्य विषय-अभ्यासक्रम आणि त्यातले गुण पाहतात. इथेच बरीच मुलं अडकतात: खेळ आहे, गुणपत्रिका नाही. बारावीनंतर खेळण्यासाठी फार काळ मध्ये घालवला तर कॉलेजकडून खेळण्याची वर्षं कमी होऊ शकतात, आणि बक्षिसाच्या रकमेबाबतही नियम आहेत. ते बदलत राहतात, म्हणून अकरावीत असतानाच ताजे नियम वाचा. शिष्यवृत्त्या बरीच वर्षं पहिल्या विभागात, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळाच्या सर्वांत वरच्या स्तरावर, मुलींच्या संघाला ८ आणि मुलांच्या संघाला ४.५ अशा असत. २०२५ पासून ती पद्धत बदलली आहे. कोचना सामन्यांचे न कापलेले व्हिडिओ हवे असतात. हरलेले गेमसुद्धा पाठवा, तुमचं मूल मागे पडल्यावर काय करतं हेच त्यांना बघायचं असतं.

भारतातच राहायचं असेल तर?

बऱ्याच विद्यापीठांत क्रीडा कोटा आहे, आंतरविद्यापीठ स्पर्धा आहेत. शारीरिक शिक्षणात जायचं असेल तर ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आपल्याच राज्यात आहे, १९५७ पासून. कोटा वापरायचा असेल तर प्रमाणपत्रं कुठल्या स्तराची चालतात हे बारावीच्या आधी बघा.

मुलीला आता खेळायचं नाही. आठ वर्षं घातली, पैसा घातला. समजावू का?

विचारा, समजावू नका. आणि हरल्याच्या आठवड्यात विचारू नका. महिनाभर थांबा, तोवर कोर्ट बंद. मग तिला खेळावंसं वाटलं तर ती रॅकेट स्वतः काढेल. नाही काढली तर ती आठ वर्षं वाया गेली असं घरात कुणालाही, आजोबांनासुद्धा, म्हणू देऊ नका.

पहिल्यांदाच बाहेरगावच्या स्पर्धेला चाललोय. सोबत काय न्यायचं?

दोन रॅकेट, तार तुटतेच. जास्तीचे मोजे, टोपी, मीठ-साखरेचं पाणी, जन्मदाखल्याची प्रत आणि एआयटीए नोंदणीचा कागद. पोळीचे गूळ-तूप लावलेले रोल टिकतात, सामन्याच्या सकाळी पोहे चालतात, वर जिलबी नको. हरल्यावर द्या, तेव्हा तिची खरी गरज असते. आणि तुमच्यासाठी एखादं पुस्तक न्या. सामना चालू असताना कठड्याला टेकून प्रत्येक गुणाला मान हलवणारी आई मुलाला कोर्टवरून दिसते. माझी मुलगी बारा वर्षांची असताना म्हणाली होती, 'आई, तू वाचत बस ना, मग मला बरं वाटतं.' तेव्हापासून मी वाचत बसायचे. पान काही उलटलं जायचं नाही, पण मान खाली असायची.